उरलेल्या गोळ्यांचा डबा

९ नोव्हेंबर १९८६
दिवाळी गेली, खोकला ठेवून गेली. फटाक्यांचा धूर, दुसरं काय. पहाटेचा बेडका हि. गणपतीपासून ही तिसरी खेप. (नव्या वहीत पुन्हा लिहून ठेवते: पां. पांढरा, म्हणजे चांगला दिवस. पि. पिवळा, सांभाळून. हि. हिरवा, ताप येणार.)

सकाळी नेहमीसारखी खाटेच्या कडेवरून डोकं खाली सोडून पालथी पडले. ह्यांनी हाताची ओंजळ करून कफ सुटायला पाठीच्या उजव्या बाजूला शंभर थापट्या मारल्या. साठ-सत्तरच्या मध्ये ह्यांचं मन पेपरात जातं आणि पुन्हा साठ येतात. म्हटलं, "अहो, साठ मघाशी झाले." म्हणाले, "बोनस."

नीलू एक डिसेंबरला यायची. पहिलं बाळंतपण, माहेरी. तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. त्याच्या आत छाती साफ व्हायलाच हवी. डब्यात लाल-काळ्या कॅप्सूल आठ निघाल्या. दिवसाला दोन, सुरू केल्या.

१२ नोव्हेंबर
ताप नाही. बेडका पि. तीन दिवस घेतल्या, पुरे. उरलेल्या दोन परत डब्यात.

डबा म्हणजे नीलूच्या पाचव्या वाढदिवसाला आलेला चॉकलेटचा. झाकणावरचं कुत्र्याचं पिल्लू आता अर्धंच राहिलंय. शाळेत सिस्टर मार्था शिवणाच्या तासाला तुटका दोराही फेकू द्यायच्या नाहीत, पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायला लावायच्या. ती सवय. प्रत्येक पट्टीला माझ्या अक्षरात चिठ्ठी: घसा, छाती, पोट.

दुपारी समोरच्या सावंतवहिनी आल्या. भाऊजींचा घसा धरलाय. "वहिनी, मागच्या सारख्यो दोन गोळ्यो देवा ना. डॉक्टराकडे कोण जाता त्या रांगेत." मी पट्टीवरचं इंग्रजी वाचून बघितलं, चार दिल्या. "तुमी म्हणजे आमच्या बिल्डिंगची डाक्टरीण!" खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
पां. जवळजवळ. उन्हात बसून दुपट्याला धावदोरा घातला. आईचं जुनं मऊ लुगडं, निळं, आणि माझं एक पातळ. अंगावर जुनं कापडच हवं असतं त्या जिवाला. तीन झाली, अजून तीन करायची. आतल्या खोलीतली खाट खिडकीपासून हलवायला ह्यांना सांगितलं. नीलूला उजेड डोळ्यांवर आलेला आवडत नाही, लहानपणापासून.

१७ नोव्हेंबर
ताप १०२. हि. आणि घाणेरडा वास. डब्यातल्या दोन घेतल्या, काही फरक नाही. डॉ. नाबरांकडे गेलो. दोन जिने चढायला मध्ये तीनदा थांबले. डॉ.नी पाठीला नळी लावली. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी चुरचुर, म्हणाले. ते काय नवीन नाही. आठव्या वर्षी डांग्या खोकला झाला तेव्हापासून तिथल्या श्वासनळ्या सैल पडल्यात, कफ साचतो, त्यात जंतू घर करतात. तीस वर्षं तेच सांगताहेत. आज मात्र वेगळं विचारलं.
"सप्टेंबरात दहा दिवसांच्या लिहून दिल्या होत्या. किती दिवस घेतल्या?"
"चार... पाच."
"बाकीच्या?"
"डब्यात," मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हटलं. पन्नाशी उलटलेली बाई, आणि मुख्याध्यापिकेसमोर उभी असल्यासारखी.
बेडका तपासायला द्यायचा. पहाटेचा, निर्जंतुक बाटलीत, अंधेरीच्या लॅबमध्ये.

२२ नोव्हेंबर
रिपोर्ट. ह्यांनी आणला, मीच आधी वाचला. जंतूचं लांबलचक लॅटिन नाव. खाली औषधांची यादी, अकरा नावं, आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. आर, आर, आर, आर. म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. प्रगतिपुस्तकात सगळ्या विषयांत नापास. खालून दुसऱ्या ओळीत फक्त एक एस, लागू पडणारं. ते इंजेक्शन आहे.
डॉ. म्हणाले, "डबा घेऊन या."
नेला. ह्यांना वाटलं होतं मी नेणार नाही. डॉ.नी टेबलावर पालथा केला. काही कॅप्सूल चिकटून एक झालेल्या. ते बराच वेळ एक एक पट्टी उलटून बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सुमनताई, जंतू मरायच्या आत औषध थांबवलं, की जे दांडगे असतात तेच मागे उरतात. मग त्यांचीच पोरंबाळं. तुम्ही दरवेळी दुबळे तेवढे मारलेत."
मग मी ते विचारलं. नीलू, बाळ.
ते चष्मा पुसत राहिले. "हा जंतू धडधाकट माणसाला फारसं काही करत नाही. पण नवजात बाळ, आणि तुम्ही दिवसभर त्याच घरात खोकणार... मी हो म्हणणार नाही."

२३ नोव्हेंबर
काही लिहावंसं वाटत नाही. दुपटी गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर.

२५ नोव्हेंबर
सावंतवहिनींकडून मुलुंडला फोन केला. नीलूला म्हटलं, "खोकला जरा जास्त आहे, तू तिकडेच राहिलीस तर..."
"खोकला तुला कधी नव्हता, आई? मी खोकल्यातच वाढले."
"डॉक्टर नको म्हणतात."
"डॉक्टर नको म्हणतात की तुला झेपणार नाही? तसं सांग ना मग."
कारण सांगितलं नाही. डब्याचं नाव काढवेना. मग विहीणबाई आल्या फोनवर. स्पष्ट बाई. "सुनेचं बाळंतपण करायला मला कमीपणा नाही हो. पण उद्या कुणी विचारलं, माहेर असून का नेलं नाही, तर मी काय सांगू?"
फोनचे पैसे वहिनींच्या टेबलावर ठेवून घरी आले.

२७ नोव्हेंबर
इंजेक्शन सुरू. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ. आता नर्स घरी येते. डॉ.नी दोनदा बजावलं: हे औषध मूत्रपिंड आणि कान धरतं. कानात आवाज यायला लागला, तोल जातोय असं वाटलं, की त्याच दिवशी सांगायचं. आणि चौदा दिवसांनंतर बेडका स्वच्छ निघाला, तर मग बघू. "बघू" एवढंच म्हणाले. मी त्या शब्दावर सबंध खोली सजवली.

३० नोव्हेंबर
उद्या यायची होती.
माझ्या वेळी आई स्वतः न्यायला आली होती, नारळ घेऊन. गिरगावातली आमची ती दीड खोली. आईने आपली खाट मला दिली आणि सव्वा महिना स्वतः खाली झोपली. पहाटे बंबात लाकडं घालायची. तो कढत पाण्याचा तांब्या पाठीवर. आणि खोकला आला की तीच छाती चोळायची, बाळाला बाजूला सरकवून. मला नीलूसाठी असं काहीतरी करायचं होतं. मोठं नाही. फक्त पाणी कढत काढून ठेवायचं, आणि ती न्हाऊन आली की केस पुसायचे.

२ डिसेंबर
पि. भूक लागली. आज बऱ्याच दिवसांनी जवळच्या बिस्किटांच्या कारखान्याचा वास आला. म्हणजे नाक मोकळं झालं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "वास रोजच येतो, अगं."

४ डिसेंबर
आठवा दिवस. डाव्या कानात शिट्टी. बारीक, दूरच्या प्रेशर कुकरसारखी. आधी वाटलं सावंतांकडचाच. त्यांच्याकडे आज मासे, कुकर नव्हता.
सांगितलं नाही. सहा दिवस तर राहिलेत.

५ डिसेंबर
पां.! स्पष्ट पां. ह्यांना बोलावून दाखवला. दुसरं कोण नवऱ्याला असलं काही हौसेने दाखवेल.
शिट्टी आहेच.

६ डिसेंबर
सावंतवहिनी पुन्हा आल्या. भाऊजींचा घसा परत, शिवाय ताप. मागे चार गोळ्यांनी बरा झाला होता म्हणे. "त्याच देवा." मी म्हटलं, डबा डॉक्टरांकडे आहे, आणि अशा देणार नाही यापुढे. भाऊजींना तपासून घ्या, आणि देतील तेवढ्या संपवा.
"आता गो काय झाला? इतकी वर्षां दिलात तेव्हा?"
"चुकत होते."
त्या उठल्या. दारात थांबून काहीतरी बोलल्या. डाव्या बाजूला होत्या, मला नीट ऐकू आलं नाही. मी नुसती हसले. हसायचं बोलणं नसावं ते, कारण दार जोरात लागलं. तो आवाज मात्र आला.

७ डिसेंबर
ह्यांनी पकडलं. सकाळी थापट्या मारताना मुद्दाम हळू मोजत होते आणि मध्येच विचारलं, "चहात साखर घालू का?" मी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. मग खाटेवरून मला उठवून समोर बसवलं.
"कधीपासून?"
"तीन दिवस. पण अहो, चारच राहिलेत. बेडका पांढरा आहे. आता थांबवलं तर पुन्हा अर्धवटच..."
"आयुष्यभर एक औषध पुरं केलं नाहीस. पहिलंच पुरं करतेयस ते कान देऊन?"
"माझे कान आहेत."
असं मी ह्यांना कधी बोलले नव्हते. हे चप्पल घालून तडक डॉ. नाबरांकडे गेले. एकतीस वर्षांच्या संसारात मला डावलून कुणाला काही सांगायची ह्यांची ही पहिली वेळ. संध्याकाळी नर्स आली नाही.

८ डिसेंबर
बोलले नाही ह्यांच्याशी. थापट्या घेतल्या, पण बोलले नाही. आज शंभरच्या जागी दीडशे मारल्या.

११ डिसेंबर
डॉ. म्हणाले, जेवढा कान गेला तेवढा बहुधा परत येणार नाही, पण वेळेवर थांबलो. कुणाच्या वेळेवर? मला अजून चार दिवस हवे होते. ज्या बाईने दरवेळी मध्येच सोडलं, तिला आता पुरं करू देत नाहीत.
ह्यांच्याशी बोलले. भाजी काय करू, एवढंच. पण बोलले.

२४ डिसेंबर
पुन्हा तपासणी. रिपोर्टवर तोच लॅटिन पाहुणा. "वाढ: थोडी."
"थोडी म्हणजे?"
"थोडी म्हणजे नाही असं नव्हे," डॉ. म्हणाले. हे इंजेक्शन आता इतक्यात देता येणार नाही. बाहेरच्या देशांत पोटात घ्यायची एक नवी गोळी निघतेय असं त्यांनी वाचलंय. इकडे कधी येईल, माहीत नाही.
शाळेत आज आम्ही नाताळचा गोठा सजवत असू. बाळ येशूला गवतावर ठेवायचा मान दरवर्षी दुसऱ्याच कुणा मुलीला मिळायचा. मी खोकायचे ना, मला खिडकीशी बसवायचे.

७ जानेवारी १९८७
सकाळी सावंतवहिनी धावत आल्या. राग विसरून. "वहिनी, मुलगी! मुलुंडाक! दोघां बरी आसत!"
मुलगी. सहा पौंड आणि वर काही. विहीणबाई फोनवर सांगत होत्या, मी उजव्या कानाला रिसीव्हर लावून. मागे कुणीतरी रडलं. मी म्हटलं, "ती का?" म्हणाल्या, "नाही हो, हा रेडिओ. आम्ही घरी आलोय, त्या दोघी हॉस्पिटलात."
तरी मी तो आवाज दिवसभर घोळवला.

८ जानेवारी
हे जाऊन आले. दारातच विचारलं, कशी आहे?
"लहान आहे."
"अहो, सगळीच लहान असतात. रंग? केस? नाक कुणाचं?"
"झोपली होती. नाक... नाकासारखं."
"नखं?"
"नखं कोण बघतं?"
परवा पुन्हा जाणार आहेत. कागदावर लिहून दिलं: नखं, कानाची पाळी, टाळूवरचे केस, जांभई देताना जीभ कशी होते. आणि नीलूच्या डोळ्यांखाली काळं आहे का. तिने माझ्याबद्दल काही विचारलं का, हे मी लिहिलं नाही. हे आपणहून म्हणाले, "विचारत होती, आई जेवते ना नीट." मग आत जाऊन मी पुष्कळ वेळ दुपट्यांना इस्त्री केली. आधी उकळली, दोन दिवस उन्हात टाकली, मगच. डॉ. म्हणाले होते चालेल.

१० जानेवारी
कानाची पाळी चिकटलेली, माझ्यासारखी. केस खूप. नखं लांब, गालावर ओरखडा काढलाय तिने. जीभ बघायची राहिली. दुपटी मिळाली, निळ्यावर ठेवलीय.

१६ जानेवारी
आजचं सगळं लिहून ठेवते.
दुपारी सावंतांकडे नीलूचा फोन. बाळाला सर्दी, नाक चोंदलंय, दूध ओढत नाही. मी म्हटलं डॉक्टरला बोलाव. "बोलावते संध्याकाळी. तोवर सासूबाई पाव कॅप्सूल मधात देतायत. आपल्याकडचीच आहे, आई. तू लग्नात मला करून दिला होतास ना डबा? तुझ्या चिठ्ठ्यांसकट. घसा, छाती, पोट."
विसरले होते. साफ विसरले होते. रुखवतात मी तो ठेवला होता, लाडवांशेजारी. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.
"कुठल्या रंगाची?"
"पिवळी."
तीच. सावंतांना दिलेली. डॉ.नी टेबलावर वेगळी काढून म्हटलं होतं, ही लहान मुलांना चुकूनही नाही.
मी ओरडले. किती मोठ्याने ते मला कळत नाही हल्ली. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. "नीलू, देऊ नका! चमचा खाली ठेवायला सांग! आत्ता!" फोन तिच्या हातातून पडल्याचा आवाज.  मग विहीणबाई: "दिलं नाही हो. चाटण करत होते. एवढं काय झालं?"
टॅक्सी केली. हे म्हणाले मी जातो, मी ऐकलं नाही. मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर उभी राहिले, पदर तोंडावर. आत गेले नाही. विहीणबाईंनी डबा आणून दिला. नवाकोरा होता, माझ्यापेक्षा नीट ठेवलेला. "तुमचं बघूनच आम्ही ठेवला," म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यानेच जास्त लागलं.
मग मी जिन्यातूनच सगळं सांगितलं. आर आर आर. का नेलं नाही बाळंतपणाला. शेजारचं दार किलकिलं झालं होतं, असू दे. विहीणबाई कठड्याला टेकून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे तेव्हाच सांगायचं होतंत. मी लोकांना सांगितलं असतं की माझी विहीण आजारी आहे. मी सांगत होते की तुम्हाला हौस नाही."
नीलू आतल्या दारात उभी होती, बाळ खांद्याशी. दहा पावलं असतील. निळं दुपटं दिसलं आणि वर काळं काळं डोकं. नीलू काही बोलली. ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तिला कानाचं माहीत नाही.
मग खोकला आला, खाली उतरले.

१७ जानेवारी
नुसती सर्दीच आहे. त्यांच्या डॉक्टरांनी नाकात टाकायचे थेंब दिले. दूध ओढते. हि. आज माझा. जिन्यांमुळे.

१८ जानेवारी
बारसं. हे गेले, मी नाही. आत्याने नाव ठेवलं, मैथिली. मी इथे खाटेवर डोकं खाली सोडून पडले होते. एकटीला आपल्याच पाठीवर थापट्या मारता येत नाहीत. सावंतवहिनी आल्या, न विचारता पदर खोचला. "किती मारू?" त्या जोरात मारतात. मोजत नाहीत.

३० जानेवारी
विहीणबाईंचं पोस्टकार्ड. त्यांच्या हाताने, मोठ्या अक्षरात. मैथिली आवाजाकडे बघते. "नीलूची तब्येत बरी, मन बरं नाही. कढत पाणी मी काढते, पण ती केस कुणाला पुसू देत नाही."

११ फेब्रुवारी
पि. ताप नाही. डॉ. म्हणाले, आहे हे असंच चालणार. थापट्या, वाफ, आणि ते म्हणतील तेव्हाच औषध, म्हणतील तेवढे दिवस. बाळाचं विचारलं. म्हणाले, "मोठी होऊ द्या. चार-सहा महिने." मग माझ्याकडे न बघता: "खिडक्या उघड्या ठेवून, लांबून, थोडा वेळ... मी आई असतो तर काय केलं असतं, माहीत नाही. डॉक्टर म्हणून नाहीच म्हणतो."

संध्याकाळी नीलूचा फोन.
"आई, रविवारी सव्वा महिना होतो. मी येते तिला घेऊन."
"डॉक्टर म्हणतात..."
"डॉक्टरांना मी विचारलं. मी स्वतः फोन केला त्यांना. कानाचंही कळलं मला, कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी आतल्या खोलीत राहू. तू बाहेर राहा. दाराशी ये, तोंडाला पदर लाव, बघ आणि जा. एक दिवस, आई. मला माझ्या घरी यायचंय."
वहिनी शेजारी उभ्या, उगाच टेबल पुसत.
नाही म्हणायला हवं होतं. शब्द तयार होता, एकच अक्षर जास्त आहे 'हो'पेक्षा.
"ऐकू येतंय ना तुला? आई?"
"येतंय."
"मग नाही म्हणत नाहीस म्हणजे मी येते."
फोन ठेवला तिने. मी परत लावला नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं.  ते खिडकीच्या कड्या तेल घालून बघायला लागले, उघडतात का.
अजून चार दिवस आहेत. रोज सकाळी ठरवीन, आज फोन करून नको म्हणायचं.